सरकारी रेडिओनं शंभर वादक पगारावर का ठेवावेत?

ओटलेवाला_रामबाग

मंडळी, विषय आपल्या नेहमीच्या वाटेवरचा नाही, पण गेले काही दिवस डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतो.

बीबीसीकडे आजही पाच वाद्यवृंद आहेत. लंडनमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा आणि कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा, सॅल्फर्डला फिलहार्मॉनिक, ग्लासगोला स्कॉटिश सिंफनी आणि कार्डिफला वेल्सचा. जर्मनीत बहुतेक प्रादेशिक रेडिओंचा आपापला सिंफनी ऑर्केस्ट्रा असतो. जपानात एनएचकेचा आहे. हे सगळं लोकांनी भरलेल्या पैशावर.

१९३० साली बीबीसीनं एड्रियन बोल्टच्या हाताखाली सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला तेव्हा ते समजण्यासारखं होतं. तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांत संपायची, एक सिंफनी ऐकायची म्हणजे तबकड्यांची चळत उलटीपालटी करत बसायचं. रेडिओला तर तासन्‌तास संगीत हवं. मग वादकच नोकरीला ठेवले. आता? बीथोव्हनची कुठलीही सिंफनी वीस-वीस निर्देशकांच्या हातची फोनवर मिळते.

माझं मत स्पष्ट आहे. रेडिओनं प्रक्षेपण करावं. वाद्यवृंद ज्यांना आवडतो त्यांनी चालवावा. आपल्याच इंदूरातलं सानंद बघा, मराठी नाटकं आणणारी संस्था. सभासद वर्गणी भरतात, गट पाडलेत, प्रत्येक गटाला नाटक बघायला मिळतं. सरकारकडे हात पसरावा लागत नाही.

तेव्हा प्रश्न असा, की लोकांच्या पैशावर चालणाऱ्या प्रसारण संस्थेनं वाद्यवृंद पोसावा का? आणि पोसायचाच तर त्यानं नेमकं काय करावं? मालवा हाउसला, म्हणजे आपल्या इंदूर आकाशवाणीला धरून बोललात तरी चालेल.

पोहे_विदाउट_शेव

पहिला! रुमाल टाकून ठेवतो, जेवून येतो.

टिंगलटवाळ

विदाउट शेव? भिया, खरंच इंदूरचे ना तुम्ही? आधी ओळखपत्र दाखवा.

मालवीमावशी

ओटलेवाले, तुम्ही मालवा हाउसचं नाव काढलंत म्हणून लिहिते. आपलं केंद्र १९५५ च्या मे महिन्यात सुरू झालं. आमच्या घरी संध्याकाळी रेडिओवर नंदाजी-भेराजींच्या माळवी गप्पा लागल्या की स्वयंपाकघरातलं बोलणं थांबायचं. आजीला मराठीशिवाय काही यायचं नाही, पण माळवी सगळी कळायची ती त्यांच्यामुळे.

मोठा वाद्यवृंद आपल्याकडे नव्हता, पण केंद्रावर पगारी वादक असायचे. तबला, सारंगी, व्हायोलिन, बासरी. बाहेरून कोणी गायला आलं की तेच साथीला. सुगम संगीत बसवायचं तरी तेच, मुलांच्या कार्यक्रमात तेच, नाटकात दार उघडल्यावर चार सूर लागले तरी तेच. ध्वनिचाचणी पास होऊन श्रेणी मिळणं म्हणजे तेव्हा केवढी गोष्ट! आमच्या नात्यात एका लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावाखाली ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त, बी हाय’ असं छापलं होतं. मुलीकडचे रक्तगट समजले.

पोहे_विदाउट_शेव

हसून हसून पुरेवाट. बी हाय रक्तगट!

सीए_सुदामानगर

धागाकर्त्याशी सहमत. भावना बाजूला ठेवून हिशेब बघा. एका सिंफनी ऑर्केस्ट्रात नव्वद-शंभर माणसं. पगार, पेन्शन, वाद्यांचा विमा, सरावाची जागा, दौरे. एवढ्यात किती बातमीदार येतील? प्रसारण संस्थेचं पहिलं काम बातमी. दुसरं शेतीचं आणि हवामानाचं. संगीत वाजवा की, नको कोण म्हणतंय, पण विकत घेऊन वाजवा. घरी दूध लागतं म्हणून कोणी गोठा बांधत नाही.

तंतकार

सीएसाहेब, आपल्या गावात पूर्वी गोठेच होते, म्हणून तर गाणं टिकलं.

उस्ताद बुंदू खाँ हे नाव ऐकलंय? सारंगीतलं फार मोठं नाव. कित्येक वर्षं ते आपल्या होळकर दरबारात नोकरीला होते. नंतर दिल्लीला रेडिओवर गेले. फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथंही रेडिओच. १९५५ साली कराचीत वारले. एका माणसाच्या आयुष्यात दरबार संपला आणि रेडिओ सुरू झाला. संस्थानं विलीन झाली तेव्हा शेकडो कलावंतांची पोटं उघड्यावर आली असती. त्यातल्या बऱ्याच जणांना महिन्याच्या महिन्याला पैसे देणारं घर उरलं ते रेडिओचंच. हे परोपकार म्हणून झालं असं मी म्हणत नाही. रेडिओला गाणं हवं होतं, गाणाऱ्याला भाकरी हवी होती.

आणि वाद्यवृंद आपल्याकडे नव्हता असं कोणी समजू नये. १९५२ साली दिल्लीला आकाशवाणीनं ‘वाद्यवृंद’ याच नावानं राष्ट्रीय वाद्यमेळ उभा केला. हिंदुस्तानी बाजू रविशंकरांकडे होती. ते गेल्यावर १९५६ मध्ये पन्नालाल घोष आले. त्यांची ‘कलिंग विजय’ ही रचना मुद्दाम शोधून ऐका. आता गंमत बघा. रविशंकर कोणाचे शिष्य? मैहरच्या बाबा अल्लाउद्दीन खाँचे. पन्नालालबाबूंनीही बाबांकडेच तालीम घेतली. आणि बाबांनी १९१८ च्या सुमारास रोगाच्या साथीत अनाथ झालेली गावातली पोरं गोळा करून मैहर बँड बसवला होता. त्यांना वाद्यं शिकवली. बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग केला! म्हणजे दिल्लीच्या सरकारी वाद्यवृंदाची मुळं आपल्याच मध्य प्रदेशात निघतात, आणि तीही एका राजानं पोसलेल्या बँडमध्ये.

ग्वाल्हेरची_सून

तंतकारांशी सहमत, पण एक बाजू राहिली. जो पोसतो तोच ठरवतो काय वाजायचं. १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. आमच्या सासरी पेटीवाले दोन. त्यांना रेडिओचं दार बंद. केसकर नभोवाणी मंत्री झाले (आपलेच मराठी गृहस्थ), १९५२ ते १९६२ दहा वर्षं राहिले, त्यांनी सिनेसंगीताला कात्री लावली. लोकांनी काय केलं? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती काढावीच लागली. सार्वजनिक पैसा म्हटला की कोणीतरी वर बसून तुमचे कान धुणार, हे गृहीतच धरा.

तंतकार

सूनबाई, खरं आहे. फक्त एक भर घालतो. पेटी बंद होती म्हणून सारंगीवाल्यांना काम राहिलं असंही जुने लोक सांगतात. बंदी बरोबर होती असं नाही म्हणत.

धार_रोड

मला मुळात हेच कळत नाही की शंभर माणसं एका वेळी लागतातच कशाला. अमीर खाँसाहेब मारवा गायचे तेव्हा स्टेजवर किती जण होते? तंबोरे, तबला, पेटी. देवासला कुमारजी गायचे तेव्हा? आपलं संगीत चार माणसांत होतं. हा सगळा पाश्चात्त्यांचा थाट. कागदावर लिहिलेलं शंभर जणांनी एकसाथ वाचायचं. त्यांचं त्यांना लखलाभ.

व्हायोलिन_वर्ग

धार रोड काका, मी पाश्चात्त्य पद्धतीनं व्हायोलिन शिकतो, इंदूरमध्येच. तुमचा प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर वाद्यांच्या संख्येत नाही. आपल्याकडे ख्याल गाताना नवं काही सुचलं तर ते त्याच रात्री श्रोत्यांसमोर येतं. सिंफनीत संगीतकाराला जे सुचलं ते शंभर माणसांनी वाजवेपर्यंत ते फक्त कागदच असतं. त्याला स्वतःलाही ते पूर्ण ऐकू आलेलं नसतं. आणि नवीन, अवघड, अनोळखी कागदावर शंभर माणसांचे दिवसच्या दिवस सरावाला लावायला कुठली खासगी संस्था तयार होईल? तिकिटं तर जुन्या बीथोव्हनवरच खपतात.

इथं रेडिओचा वाद्यवृंद कामाला येतो. दोन उदाहरणं देतो.

लिगेती नावाच्या संगीतकाराचं ‘अ‍ॅटमॉस्फेअर्स’ १९६१ च्या ऑक्टोबरात जर्मनीत डोनाउएशिंगेनला पहिल्यांदा वाजलं. वाजवलं बाडेन-बाडेनच्या रेडिओ ऑर्केस्ट्रानं, निर्देशक हान्स रोसबाउड. त्यात ना चाल, ना ठेका. नुसता आवाजाचा ढग. सात वर्षांनी स्टॅन्ली कुब्रिकनं तेच आपल्या अंतराळावरच्या सिनेमात वापरलं आणि जगभरच्या थिएटरांत पोचलं.

दुसरं, पोलंडच्या गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी. १९७७ साली फ्रान्समध्ये रॉयांला पहिला प्रयोग. पुन्हा तोच बाडेन-बाडेनचा रेडिओ ऑर्केस्ट्रा, निर्देशक एर्नेस्ट बूर. समीक्षकांनी नाकं मुरडली. १९९२ मध्ये तिची दुसऱ्या वाद्यवृंदानं केलेली नवी रेकॉर्ड निघाली आणि दहा लाखांच्या वर खपली. इंग्लंडमधलं नवं खासगी स्टेशन क्लासिक एफएम तिचे तुकडे उठताबसता वाजवत होतं. धोका कोणी पत्करला आणि फायदा कोणी घेतला, बघा.

सीए_सुदामानगर

म्हणजे पंधरा वर्षं ती कोणी फारशी ऐकली नाही, हे तुमच्याच तोंडून आलं. आणि अशा दोन रचनांमागे विसरल्या गेलेल्या किती, तो आकडा कोण देणार?

व्हायोलिन_वर्ग

विसरल्या जाणाऱ्या जास्तच असणार, यात वाद नाही. कुठली टिकेल हे आधी माहीत असतं तर खासगीवाल्यांनीच वाजवली असती ना.

इसारकाठ

मी टिळकनगरची, आता बरीच वर्षं म्युनिकला. इथला अनुभव लिहिते, जरा लांबेल.

इथं प्रत्येक घराला महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचं शुल्क भरावं लागतं. घरात टीव्ही असो नसो. शेजारी, सहकारी, सगळे कुरकुर करतात. पण त्या कुरकुरीत वाद्यवृंदाचं नाव फारसं ऐकलं नाही. चिडतात ते क्रिकेटसारख्या… म्हणजे इथं फुटबॉलच्या हक्कांवर आणि वरच्या साहेबांच्या पगारांवर.

बव्हेरियन रेडिओचा सिंफनी ऑर्केस्ट्रा १९४९ चा. युद्धानंतर शहर नुसतं दगड-विटांचं होतं तेव्हा ऑयगन योखुमनं उभा केला. आता सायमन रॅटल आहेत. जगातल्या पहिल्या काही वाद्यवृंदांत गणला जातो. म्हणजे ‘सरकारी म्हणजे सुमार’ हे समीकरण निदान इथं चालत नाही. मैफिलींना मी जाते. तिकीट फुकट नसतं, पण ज्याला परवडत नाही तो त्याच संध्याकाळी घरी रेडिओवर ऐकतो. हा फरक मला मोठा वाटतो. खासगी वाद्यवृंद सभागृहातल्या लोकांसाठी वाजवतो. रेडिओचा वाद्यवृंद डोंगरातल्या खेड्यातल्या आजीसाठीही वाजवतो, आणि तिनंही पैसे भरलेले असतात.

नव्या संगीतासाठी त्यांची ‘म्युझिका व्हिवा’ नावाची वेगळी मालिका आहे, १९४५ पासूनची. मूळ हेतू असा की नाझींनी बारा वर्षं जे संगीत लोकांच्या कानावर पडू दिलं नव्हतं, ते ऐकवायचं. खरं सांगते, त्यातलं निम्मं मला झेपत नाही. एकदा मध्यंतरात निघून आले. पण पुढच्या वेळी गेलेच.

आणि व्हायोलिन वर्ग, तू ज्या बाडेन-बाडेनच्या वाद्यवृंदाचं नाव दोनदा घेतलंस, तो आता नाही. खर्च कमी करायचा म्हणून २०१६ मध्ये श्टुटगार्टच्या रेडिओ ऑर्केस्ट्रात विलीन करून टाकला. रेडिओ एकच, त्याला दोन वाद्यवृंद कशाला, असा हिशेब.

टिंगलटवाळ

‘क्रिकेटसारख्या…’ ताई, कितीही वर्षं झाली तरी इंदूर जात नाही!

जपानी_जावई

तोक्योहून हजेरी. एनएचके सिंफनीचं मूळ १९२६ चं, तेव्हा नाव न्यू सिंफनी ऑर्केस्ट्रा. १९५१ पासून एनएचकेचं नाव लागलं. डिसेंबरात जपानभर बीथोव्हनची नववी सिंफनी वाजते, आणि यांची तर टीव्हीवर असतेच. आमच्या सासूबाई वर्षाअखेरीची साफसफाई करताना लावून ठेवतात.

पण मला गंमत वाटते ती वेगळ्या गोष्टीची. एनएचकेवर रविवारी रात्री वर्षभर एक ऐतिहासिक मालिका चालते. तिचं शीर्षकसंगीत हाच वाद्यवृंद वाजवतो. म्हणजे ज्याला सिंफनीत काडीचा रस नाही, तोही दर आठवड्याला जगातला एक उत्तम वाद्यवृंद ऐकून जेवायला बसतो. बीबीसीचंही तेच. वेल्सचा वाद्यवृंद ‘डॉक्टर हू’ला वाजवतो. ओटलेवाल्यांनी विचारलं ना, नेमकं काय करावं? माझ्या मते हे करावं. लपूनछपून.

पोहे_विदाउट_शेव

आकाशवाणीची सिग्नेचर ट्यूनही तशीच की! आपण सगळ्यांनी ती हजारो वेळा ऐकली असेल. ती वॉल्टर काउफमान नावाच्या ज्यू संगीतकाराची म्हणतात. युरोपातून मुंबईला आला आणि १९३७ पासून मुंबई रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता. तंबोऱ्यावर व्हायोलिन. आमचे आजोबा त्या सुरांवर घड्याळ लावायचे.

राजवाडा_ते_रीगल

अवांतर: वडोद्याला संस्थानाचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, १९४८ मध्ये आकाशवाणीत आलं. गायकवाड पुढे, आपण मागे.

ग्वाल्हेरची_सून

राजवाडा, आता सिंदिया-होळकर-गायकवाड सुरू करू नका. धागा हजार प्रतिसादांवर जाईल.

टिंगलटवाळ

सीएसाहेबांसाठी खास किस्सा. २०१४ साली डेन्मार्कच्या सरकारी रेडिओनं पैसे वाचवायला आपला चेंबर ऑर्केस्ट्रा बंद करायचं ठरवलं. त्याच सुमारास त्या वाद्यवृंदाचा एक व्हिडिओ आला. सगळ्या वादकांनी वाजवता वाजवता जगातल्या महातिखट मिरच्या खाल्ल्या आणि ‘जेलसी’ नावाचा टँगो शेवटपर्यंत वाजवला. डोळ्यांतून धारा, नाक लाल, पण सूर हलला नाही. लाखो लोकांनी बघितला.

आपल्या लवंगी शेववाल्यांनी प्रायोजक व्हायला हवं होतं.

सीए_सुदामानगर

मग? वाचला का?

टिंगलटवाळ

रेडिओनं बंद केलाच. पण लोकांकडून आणि खासगी देणग्यांतून पैसे उभे करून वादकांनी तो वेगळा चालू ठेवला. आजही आहे.

सीए_सुदामानगर

म्हणजे माझंच म्हणणं. लोकांना हवा असेल तर लोक पैसे देतात.

इसारकाठ

सीए, पण तो मुळात उभा कोणी केला? दशकानुदशकं रेडिओनं घडवलेला वाद्यवृंद होता, म्हणून वाचवायला काहीतरी होतं. शून्यातून तसा उभा करून दाखवा वर्गणीवर.

मालवीमावशी

मला सानंदबद्दल बोलायचंय, कारण मी पहिल्यापासूनची सभासद. ओटलेवाल्यांनी सानंदचं उदाहरण दिलं ते ऐकायला छान वाटतं, आम्हाला अभिमानच आहे. पण सानंद नाटक आणतं ते तयार. मुंबई-पुण्यात कोणीतरी लिहिलेलं, बसवलेलं, वीस प्रयोग पडून सावरलेलं. आपण वर्गणी भरतो ती तयार नाटकाची. सानंदनं नट पगारावर ठेवलेत का? लेखकाला सांगितलंय का, की बाबा वर्षभर लिही, दर महिन्याला पैसे घे? तयार ताट मागवणं वेगळं आणि चूल पेटती ठेवणं वेगळं.

आणि मराठी माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये. गीतरामायण कोणी केलं? पुणे आकाशवाणीनं. १९५५ ची रामनवमी, एक एप्रिल. तेव्हापासून वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, वादक आणि गायक बसवायचे आणि ठरल्या वेळी प्रसारण. छप्पन्न गाणी. गदिमा आणि बाबूजी दोघंही सिनेमातली नावाजलेली माणसं, बाजारात त्यांना काम कमी नव्हतं. पण छप्पन्न आठवडे रामकथा गाऊन दाखवा असं म्हणणारा निर्माता बाजारात नव्हता. म्हणणारं केंद्र होतं.

मुंबई केंद्राचं ‘भावसरगम’ घ्या. नवी भावगीतं त्यासाठी व्हायची. आपल्या रामूभैया दात्यांचे अरुणजी इंदूरहून तिथं पोचले आणि मग महाराष्ट्राला कळले.

धार_रोड

मावशी, गीतरामायणाला शंभर वादक नव्हते! मूठभर माणसांत झालं. माझाच मुद्दा सिद्ध होतो.

मालवीमावशी

अहो, मूठभर असोत की शंभर, पगारावर होते ना? मी तेच म्हणतेय.

व्हायोलिन_वर्ग

मावशी, +१०८.

तंतकार

मावशींनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलं. आता सूनबाईंच्या आक्षेपाकडे परत येतो, कारण तो मला सगळ्यांत जड वाटतो. जो पोसतो तो ठरवतो. खरंच आहे. पण पोसणारा सरकारी आणि वाजवणारा स्वतंत्र, असं कधी होत नाही का?

लेनिनग्राडचं उदाहरण आठवलं. १९४२. शहराला जर्मनांचा वेढा, माणसं भुकेनं मरतायत. शोस्ताकोविचची सातवी सिंफनी वाजवायची ठरली. शहरातला मोठा फिलहार्मॉनिक आधीच दूर हलवला होता. मागे उरला होता तो रेडिओचा वाद्यवृंद, निर्देशक कार्ल एलियासबर्ग. पहिल्या सरावाला जेमतेम पंधरा जण आले. फुंकायला दम नाही. सैन्यातून वादक मागवले, जादा रेशन दिलं. नऊ ऑगस्टला सिंफनी वाजली, रेडिओवरून गेली, भोंगे लावून शहरभर ऐकवली, पलीकडे जर्मन सैनिकांनाही ऐकू गेली.

आता हा प्रचार होता का? होताच. सरकारला तो हवा होता. पण सभागृहात बसलेल्यांना तेवढंच ऐकू आलं असेल असं मला वाटत नाही.

ग्वाल्हेरची_सून

तंतकार, प्रसंग मोठा आहे, मान्य. पण वेढ्यातला न्याय शांततेच्या काळाला कसा लावणार? रोजच्या दिवसांत मंत्री, संचालक, समिती. कोणाला बोलवायचं, कोणाला आठ वर्षांनी बोलवायचं. माझ्या नात्यातल्या एका वादकाला एका केंद्रावर (नाव घेत नाही) इतकी वर्षं हंगामी म्हणून राबवलं की कायम व्हायचं वय निघून गेलं. पगारी वाद्यवृंद म्हणता तेव्हा पगार कोणाला आणि कोणाच्या मर्जीनं, तेही लिहा.

आयर्लंडनं केलं ते मला बरं वाटतं. तिथल्या सरकारी प्रसारण संस्थेनं आपला राष्ट्रीय सिंफनी ऑर्केस्ट्रा २०२२ च्या जानेवारीत नॅशनल कॉन्सर्ट हॉलकडे सोपवला. पैसा सरकारचाच, पण बातम्यांच्या खर्चाशी स्पर्धा नाही. ऑस्ट्रेलियातही एबीसीचे सहा राज्यांतले सहा वाद्यवृंद होते, ते हळूहळू वेगळे केले. रेडिओ अजूनही त्यांच्या मैफिली प्रसारित करतो.

सीए_सुदामानगर

हे पटतं. खर्चाचं खातं वेगळं झालं की कोण कशाला पैसे देतंय ते स्पष्ट दिसतं.

इसारकाठ

दिसतं, आणि मग कापायलाही सोपं जातं. कॅनडात सीबीसीनं आपला शेवटचा रेडिओ ऑर्केस्ट्रा २००८ मध्ये बंद केला. आता म्हणे पैसा जास्त लोकांमध्ये वाटला जातो. वाटला जातो म्हणजे कोणाच्याच हातात पुरेसा पडत नाही, असं माझं मत.

बीबीसीत २०२३ च्या मार्चमध्ये काय झालं तेही बघा. बीबीसी सिंगर्स हा १९२४ पासूनचा गायकवृंद बंद करायचं आणि इंग्लंडमधल्या तीन वाद्यवृंदांतल्या पगारी जागा सुमारे वीस टक्क्यांनी कमी करायचं जाहीर झालं. दीड लाखांवर लोकांनी अर्जावर सह्या केल्या, जगभरच्या संगीतकारांनी पत्रं लिहिली. त्याच महिन्यात गायकवृंद बंद करायचा निर्णय स्थगित झाला. उन्हाळ्यात अल्बर्ट हॉलमध्ये प्रॉम्स होतात, तिथं उभ्यानं ऐकायचं तिकीट अगदी स्वस्त असतं. त्या मैफिलींतला मोठा भार बीबीसीच्याच वाद्यवृंदांवर आहे. तेच नसतील तर दोन महिने रोज नवा कार्यक्रम, त्यात नव्यानं लिहून घेतलेल्या रचना, हे कोण पेलणार?

राजवाडा_ते_रीगल

मुंबईत एनसीपीएचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, २००६ पासून. खासगी संस्थेचा. त्यात सुरुवातीपासून बाहेरदेशी वादकांची मोठी भरती आहे, बरेचसे कझाकस्तानचे. भारतात वादक घडवणारी पगारी जागाच नसेल तर दुसरं काय होणार?

व्हायोलिन_वर्ग

हेच! मी आता एकवीसचा. माझ्या शिक्षकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, याचं पुढे काय करणार? मी म्हणालो वाजवणार. ते म्हणाले, कुठे? लग्नाच्या रिसेप्शनमध्ये उत्तर आहे, सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्येही आता संगणक आहे. युरोपातल्या एखाद्या मध्यम शहरातल्या मुलापुढे निदान एक दार असतं. पडद्याआड बसून ऑडिशन द्यायची आणि लागलं तर नोकरी.

पोहे_विदाउट_शेव

अरे, रिसेप्शनला बोलावलं तर पोह्यांचं मी बघतो. शेवेसह.

ओटलेवाला_रामबाग

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळं वाचलं. दोन ठिकाणी अजून अडतंय.

मावशींचा सानंदवरचा मुद्दा बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. म्हणजे ‘प्रक्षेपण करावं, पोसू नये’ हे जसंच्या तसं टिकत नाही. पण यातून फक्त एवढंच निघतं की रेडिओनं नवं घडवण्यासाठी माणसं ठेवावीत. हजार वेळा वाजलेली पाचवी सिंफनी पुन्हा वाजवायला नाही. तेव्हा माझी अट अशी: रेडिओचा वाद्यवृंद असावा, पण त्याच्या वर्षाच्या कार्यक्रमात निदान निम्मं असं हवं जे दुसरीकडे कुठं ऐकायला मिळणार नाही. तेवढं करत नसेल तर सीएंची कात्री चालू द्या.

आणि आपल्याकडे त्याचा आकार सिंफनीचाच का असावा? मैहर बँड आजही सरकारच्या छत्राखाली आहे. आकाशवाणीनं २०१६ पासून ‘रागम’ ही चोवीस तासांची शास्त्रीय वाहिनी चालवली आहे, फोनवरही ऐकता येते. वाहिनी आहे, जुन्या ध्वनिमुद्रणांचा खजिना आहे. पण गीतरामायणासारखं नवं काही सांगून करून घेतलेलं त्यावर किती येतं? कोणी नियमित ऐकत असेल तर सांगा.

तंतकार

मी ऐकतो, पहाटे. जुनंच जास्त असतं. जुनं अप्रतिम असतं, हीच पंचाईत.

पण ओटलेवाले, निम्म्याची अट घालू नका. नव्याला कान तयार व्हायला जुनंही त्याच वादकांच्या हातून ऐकावं लागतं. आठवडाभर नुसतं लिगेती वाजवणारा वाद्यवृंद महिन्यात बेसूर होईल, असं एका पाश्चात्त्य संगीतवाल्यानंच मला सांगितलं होतं. एक तृतीयांश म्हणा.

ओटलेवाला_रामबाग

चाळीस टक्के. त्याखाली नाही.

सीए_सुदामानगर

सराफ्यात भाव करताय का दोघं?

धार_रोड

मी ते ‘अ‍ॅटमॉस्फेअर्स’ लावलं होतं काल रात्री. नऊ मिनिटांचं आहे. चौथ्या मिनिटाला सौ. आतून विचारायला आल्या, गीझर बिघडला का. संपेपर्यंत बसलो. आवडलं असं नाही म्हणत. पण मधे एके ठिकाणी अगदी वरचा आवाज चढत चढत जातो आणि एकदम खाली तळाला काहीतरी गुरगुरतं, तिथं अंगावर काटा आला. ते काय होतं?

व्हायोलिन_वर्ग

काका!! वर चढतात त्या पिकोलो, म्हणजे छोट्या बासऱ्या. चढता चढता चिरकतात आणि तिथंच तोडून खाली डबल बास घेतात. आता हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर बास निम्माच येतो.

धार_रोड

हेडफोन नातवाकडे आहेत. रविवारी आला की बघतो.